सुपारी कुणी द्यायची

हल्ली सुपारी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे खून उभा राहतो. परवा नातसून पेपर वाचता वाचता म्हणाली, "आजी, कुणीतरी कुणाची तरी सुपारी दिली म्हणे," आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कुठल्या फडाला?" सगळं घर हसलं. हसेनात का! आमच्याकडे सुपारी देणं म्हणजे तमाशा ठरवणं, त्याला दुसरा अर्थच नव्हता. सांगलीत माझ्या वडिलांचं, तात्यांचं, थेटर होतं. फिरते फड हेरायचे, त्यांना सुपारी द्यायची, दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत एकामागून एक मुक्काम लावायचे, हा आमचा धंदा. तात्या आष्ट्याच्या पाटलांच्या भावकीतले. वाटणीला आलेला ऊस धाकट्या भावाच्या गळ्यात घालून ते तमाशाच्या नादानं शहरात आले, तेव्हा भावकीनं कपाळाला हात लावला होता. तात्यांनी तिकडे बघितलंही नाही. मी त्यांचीच लेक, तेव्हा माझ्या स्वभावाबद्दल कुणी वेगळं विचारू नये.

थेटर म्हणजे तरी काय, गुळाची जुनी वखार. वर पत्रा, खाली सारवलेली जमीन, एका टोकाला फळ्यांचं स्टेज आणि त्याला एक हिरवा पडदा. वखार मोडून कैक वर्षं झाली होती, पण जमिनीत मुरलेला गूळ काही जाईना. ऊन तापलं की वास सुटायचा आणि मुंग्या रांगेनं बाकड्यांवर चढायच्या. गवळण ऐन रंगात आलेली असायची आणि मध्येच एखादा गडी "आयला!" म्हणून ताडकन उठायचा. सोंगाडे तर त्याची वाटच बघत असायचे. "बसा पावनं बसा, मुंगी तिकिटात धरलीया!" असं कुणी म्हटलं की पत्रा हसण्यानं दणाणायचा. लढाईचे दिवस होते. रजेवर आलेले शिपाई पुढच्या बाकड्यांवर बूट घालून बसायचे. रॉकेल मिळायचं नाही, म्हणून एक बत्ती स्टेजवर आणि एक दारात, मधली माणसं अंधारात.

आमच्या दोन खोल्या थेटराच्या मागच्या भिंतीला टेकून होत्या. त्यामुळे ढोलकीवाला सूर बसवायला लागला की आमच्या फळीवरची भांडी आपोआप किणकिणायची. आई तव्यावर भाकरी टाकायची ती त्याच ठेक्यात, तिला कळायचंसुद्धा नाही. फड मुक्कामाला आला की पहिल्या दिवसाचं जेवण आमचं असायचं. अंगणात तीन दगडांवर मोठं पातेलं चढायचं, मटणाचा लाल रस्सा रटरटायचा, वास पार गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. फडातली माणसं अंगणातच पंगतीला बसायची, पत्रावळीवर. चहाही अंगणातच. त्यांच्या कान तुटलेल्या कपबश्या बाहेरच्या भिंतीतल्या कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या असत. ज्याचं त्यानं विसळून परत तिथंच ठेवायचं. ती माणसं गावकुसाबाहेरची आणि आम्ही पाटलांच्या भावकीतले. दिवसभर त्यांच्या जिवावर जगायचो आणि त्यांचा धक्का लागला की आत्ती आंघोळीला पळायची. आत्ती म्हणजे तात्यांची थोरली बहीण, लवकर विधवा होऊन आमच्याकडे आलेली. सोवळंओवळं तिच्या ताब्यात होतं.

बायकांनी तमाशा बघायचा नाही, असा दंडक होता. मी बघायचे. मागच्या पत्र्याच्या भिंतीला खिळ्यानं पाडलेलं भोक माझ्या मालकीचं होतं. शिवाय हँडबिलांचा मजकूर मीच लिहायचे, कारण घरात सातवी झालेली मी एकटी. "आली! आली! आली!" अशी सुरुवात करून मी असं काही लिहायचे की टांग्यातून वाटलेले कागद लोक घरी नेऊन वाचत. आता लिहिणाऱ्यांना लोक बक्षिसं देतात. मला तेव्हा आई कडक भाकरीवर लोणी द्यायची, आणि तेवढ्यावर मी खूश होते.

आता सुपारीचं सांगते. पावसाळ्यात फड आपापल्या गावी बसून नवा वग बसवायचे. भादव्यात थेटरांचे मालक त्यांना गाठायचे. विड्याच्या पानात एक चांगली सुपारी, वर रुपया. फडाच्या म्होरक्यानं ती फोडून तोंडात टाकली की ठरलं. कागद नाही, सही नाही. खाल्लेली सुपारी कुणी फिरवत नसे. फिरवली तर त्याला पुन्हा कुठलं दार उघडत नसे. पण ती सुपारी हातात द्यायची नाही, वरून सोडायची. म्होरक्यानं खाली वाकून पदर नाहीतर उपरणं पसरायचं आणि मालकानं वीतभर वरून विडा टाकायचा. तात्याही तसंच करत, त्यांच्या आधीचेही तसंच करत आले होते. त्यात काही वावगं आहे असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

त्या साली आमचं सगळं त्या सुपारीवर येऊन ठेपलं. गावात बोलपट सुरू झाला होता आणि आदल्या साली आमचे दोन फड रिकाम्या बाकड्यांपुढे नाचून गेले होते. वखारीची जागा ज्या गूळवाल्या शेठची, त्यानं सरळ येऊन सांगितलं, "दिवाळीला थेटर भरलं तर ठीक. न्हाईतर मला परत वखारच करायची हाय." गोड माणूस, पण बोलला ते करणारा. थेटर गेलं तर आम्हाला आष्ट्याला परत जाऊन काकांच्या दारात उभं राहावं लागलं असतं, आणि आई ते मेली तरी करणार नव्हती. थेटर भरणारा फड त्या साली एकच होता, आटपाडीच्या सारजाबाईचा. भर पावसाळ्यात एकदा शिराळ्याच्या नागपंचमीपुरता तिचा वग झाला तर लोक झाडांवर चढून बसले होते म्हणे. वगात ती राणी व्हायची आणि प्रधानाला असं काही सुनवायची की पुढच्या बाकड्यांवरचे पाटीलसुद्धा माना खाली घालायचे. ती फड स्वतः चालवायची. तिच्यावर साताऱ्याच्या नानांचाही डोळा होता. नाना म्हणजे बडं प्रस्थ. दोन थेटरं, रेशमी कोट आणि स्वतःची मोटार.

तात्या निघाले तशी आई म्हणाली, "इंदीला संगं न्या. तुमी तोंड उघडलं की मानसं उठून जात्यात. बाईमानूस बाईसंगं बोलंल."

आत्तीनं तांब्या आपटला. "तरनी पोर तमासगिरनीच्या दारात न्हेतूस? उद्या हिला कोन पदरात घील?"

"तिच्या जिवावर भाकरी खाताना चालतंय न्हवं वन्सं?" आई म्हणाली आणि माझ्या वेणीला तेल लावायला बसली. माझी आई फार बोलायची नाही. बोलली की मग दुसऱ्याला बोलायला जागा उरायची नाही.

आटपाडीपर्यंत आम्ही कोळशाच्या मोटारीनं गेलो. पेट्रोल लढाईवर गेलेलं, म्हणून मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवलेली असायची. चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायचं. तात्यांनी फेटा काखेत मारून ढकललं, मीही ढकललं. पोचेपर्यंत आमची तोंडं काजळीनं माखली होती आणि माझा घसा कोरडा पडला होता. तो मुलूखच तसा, भादव्यातही धूळ उडायची. गावाबाहेर सारजाबाईची वस्ती होती. घरापुढं मोठं लिंबाचं झाड, खाली फडातली माणसं बसलेली, ढोलकी मांडीवरून उतरवून ठेवलेली. आणि झाडापलीकडे सावलीत नानांची मोटार उभी.

"या तात्या!" नाना हसले. "कोळशाच्या गाडीनं आलास व्हय, गड्या? तवर आमी सुपारी देऊन मोकळं."

"दिली का?" तात्यांनी विचारलं.

"ही काय, देतोय की. सारजे, पसर पदर."

सारजाबाई ओट्यावरून उठली. उंच, काळीसावळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिनं पदर कमरेला खोचला आणि उजवा हात पुढं केला. "हातात द्या, मालक."

नानांना आधी कळलंच नाही. मग ते मोठ्यानं हसले. "आजवर कुनी दिलीया व्हय गं हातात?"

"न्हाई दिली, म्हनून तर म्हनते." तिचा आवाज जाड होता आणि तो तिनं मुळीच चढवला नाही. "गेल्या साली एका मालकाची सुपारी पदरातनं निसटली न् गटारीत पडली. 'उचल' म्हनला. उचलली. समदा फड बघत हुता. माजं पोरगं बी बघत हुतं. पोरगं त्या दिवसापास्नं माज्याबर जेवाय बसत न्हाई. यंदा हातात देनाऱ्याच्याच थेटरात जायाचं, असं ठरीवलंय मी."

नानांनी रागारागानं विडा तिच्या दिशेनं वरूनच सोडला. तिनं हात मागं घेतला आणि सुपारी घरंगळत धुळीत गेली. मग ती तात्यांकडे वळली आणि तोच हात पुढं केला. मी तात्यांच्या पाठीशी उभी होते. त्यांनी खिशातून विडा काढला, दोन पावलं पुढं गेले. त्यांच्या मनात द्यायची होती, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. माझा बाप खोटा नव्हता. पण हात खाली जाता जाता वीतभर वर थांबला आणि बोटं आपोआप उघडली. नेम होता तो त्यांच्या हाताचा, जन्माचा. सारजाबाईनं हात काढून घेतला. आमचीही सुपारी धुळीत पडली.

तात्या आपल्या हाताकडे बघत राहिले. "मी द्याय लागलो हुतो..." एवढंच म्हणाले.

"दिसलं मालक," ती म्हणाली. तिला राग आला नव्हता, वाईट वाटलं होतं.

नाना खदाखदा हसत होते. मला त्या हसण्याचा असा संताप आला की काय सांगू! सारजाबाईनं कमरेची चंची सोडली, तिच्यातून एक सुपारी काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी धरली. "ऱ्हाऊ द्या तुमच्या सुपाऱ्या. यंदा मी देते. फड ठरवायचा न्हाई, थेटर ठरवायचं. ज्याचा हात माज्या हाताखाली यील, दिवाळीपास्नं त्याच्या थेटरात फड."

"डोस्कं फिरलंय हिचं," नाना म्हणाले. "मालक हात पसरनार व्हय हिच्याम्होरं?" ते मोटारीपाशी गेले, पण आत बसले नाहीत. तात्या काय करतात ते त्यांना बघायचं होतं. तात्या काहीच करत नव्हते. माझ्या डोळ्यांपुढे शेठची वखार आली, गुळाच्या ढेपा आल्या, आष्ट्याच्या काकांच्या दारात बोचकं घेऊन उभी असलेली आई आली. आत्तीही आली, तिला कशी विसरेन! भीती वाटलीच. पण मी पुढं होऊन हात पसरला.

"मी घेते."

"थेटर तुजं हाय व्हय?" सारजाबाईनं विचारलं.

"तात्यांचं ते माजंच की. हँडबिलं बी मीच लिवते."

तिनं मला खालवर बघितलं. "मागं आमच्या गावातली नाचनारीन तुमच्याकडं आली हुती, तिला 'विजेवानी नाचनारी' असं लिवलंवतं, ते तूच व्हय?"

"व्हय."

"माजं तसं लिवू नगंस. मी नाचत न्हाई आता, गुडघं दुकत्यात." फडातली माणसं पहिल्यांदा हसली. मग सारजाबाई तात्यांकडे वळली. "मालक, लेकीनं घेतली तर तुमास्नी लागू का?"

तात्यांनी मान वर केली. नाना बघत होते, ते तात्यांना दिसत होतं. "लागू," ते म्हणाले.

मला वाटलं, आता ही वरूनच सोडणार. सोडली असती तर मी पदर पसरला असता, तिचा हक्कच होता तो. पण तिचा हात खाली खाली आला आणि माझ्या तळव्यावर टेकला. खरखरीत आणि ऊन हात. तिनं माझी बोटं आपल्या हातानं मिटवली. मग अडकित्ता दिला. मी सुपारी फोडली, अर्धी तिला दिली आणि अर्धी तिच्या डोळ्यांत बघत तोंडात टाकली. आधीच घसा कोरडा, त्यात ती सुपारी! मला ठसकाच लागला. "पानी द्या," मी म्हणाले. मग तिच्या पोरानं, त्याच पोरानं, आतून तांब्या आणला आणि मी घटाघटा पाणी प्यायले. सुपारी खाल्ल्यावर पाण्याचं सोवळं ते काय राहिलं होतं!

"साऱ्या मुलखात सांगतो, तात्या," नाना मोटारीत बसता बसता म्हणाले. आणि त्यांनी सांगितलंही.

परतीच्या वाटेवर तात्या चढाला उतरले, पण मोटार ढकलता ढकलता मध्येच थांबले. "इंदे," त्यांनी विचारलं, "हात का थांबला गं माजा?"

"सवय, तात्या."

"मग ती मोडाय काय लागतंय?"

मी मोटार ढकलत राहिले.

घरी आत्तीनं मला उंबऱ्याबाहेरच उभं केलं आणि डोक्यावरून घागरभर पाणी ओतलं. मी म्हटलं ओता, धूळ तरी जाईल. आईनं सगळं ऐकून घेतलं. काही न बोलता ती अंगणात गेली, कोनाड्यातल्या कपबश्या काढल्या, राखेनं घासल्या आणि स्वयंपाकघरात आमच्या कपांत मिसळून ठेवल्या. आत्तीनं त्या दिवसापासून चहा सोडला. आठवड्याच्या आत डोकं दुखायला लागलं, तसा परत धरला. नानांच्या तोंडून बातमी आष्ट्यापर्यंत गेली आणि भावकीनं आमच्याकडे येणं-जाणं टाकलं. माझी तिकडे सोयरीक चालली होती, तीही मोडली. मुलगा बुटका होता आणि जेवताना मचमच आवाज करायचा, म्हणून मला त्याचं काडीचं दुःख झालं नाही. आई मात्र चुलीपुढं बसून रडली. ते मी पाहिलं आणि त्या एका गोष्टीचं मला अजून वाईट वाटतं.

नानांनी आमची बदनामी करायला जे केलं त्यानंच आमचं थेटर भरलं. थेटरमालकालाच सुपारी देणारी ही बाई आहे तरी कोण, हे बघायला मुलूख लोटला. हँडबिलावर मी फक्त एवढंच लिहिलं, "सारजाबाई येत आहेत." दिवाळीच्या पहिल्या खेळाला दुपारपासूनच दारात रेटारेटी होती. शेठ स्वतः आला, पुढच्या बाकड्यावर बसला आणि पडदा उघडायच्या आधीच मुंग्यांनी त्याला दोनदा उठवला. त्याच्याच गुळाच्या मुंग्या! वखारीचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

दिवेलागणीला मी पडद्यामागं होते, सारजाबाईच्या डोक्यावर राणीचा मुकुट बांधत. तेवढ्यात तात्या आत आले. नवा कोसा फेटा, हातात विडा. फडातली माणसं बाजूला सरकली. बाहेर लोक शिट्ट्या मारत होते, ढोलकीवाला हळूहळू थापा टाकत होता.

"सारजाबाई," तात्या म्हणाले. तिला ते कधी 'बाई' म्हणाले नव्हते. "ही फुडल्या सालची."

तिनं हात पुढं केला. तात्यांचा हात निघाला, खाली आला आणि पुन्हा तिथंच थांबला, वीतभर वर. तिनं आपला हात जरासा वर उचलला असता तर काम झालं असतं. तिनं तो उचलला नाही. मुकुट घालून, राणीसारखी ताठ, ती नुसती वाट बघत राहिली. पडदा उघडायची वेळ होऊन गेली, लोक ओरडायला लागले, तरी ती हलली नाही. आणि मग तात्यांचा हात खाली आला आणि तिच्या हातावर टेकला.

"मालक," ती म्हणाली, "लय गार पडलाय हात तुमचा. भ्याला व्हय?"

"व्हय," तात्या म्हणाले. "भ्यालोय. पर काडत न्हाई."